शाळाच पाहिली नाही, तर दाखला कुठला आणायचा? श्रावणबाळ योजनेचा अर्ज

पुणे जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीच्या ओट्यावर पानशेतकडच्या एक आजी भेटल्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "धरण फुटलं तवा सात-आठ वर्साची असंन." धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, म्हणजे आजी सत्तरीच्या पुढे गेल्या. आधार कार्डावर मात्र जन्म १ जानेवारी १९६४. शिबिरात कुणीतरी अंदाजाने तारीख टाकली आणि त्यावरच अर्जाला त्रुटी लागली.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी वय ६५ पूर्ण हवं, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यातला काही भाग केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून येतो, हातात पडणारी रक्कम तेवढीच. पासष्टीच्या आतली विधवा किंवा निराधार बाई असेल तर अर्ज संजय गांधी निराधार योजनेत करायचा; विधवेला पतीच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो.

२१ हजार म्हणजे तीनशे रुपये रोजाने सत्तर दिवसांची खुरपणी. ही मर्यादा कुणी आणि कशी ठरवली असेल, हे कोडंच आहे. शिवाय यात लाडक्या बहिणीचा गोंधळ होतो. तिथे उत्पन्नाची अट अडीच लाखांची आणि वय ६५ पर्यंत. पुढे ते पैसे आपोआप श्रावणबाळमध्ये वळतात, असं बऱ्याच जणी धरून चालतात. तसं होत नाही. नवा अर्ज करावा लागतो, तोही २१ हजारांच्या अटीत बसून.

कागद फार नाहीत: आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक, फोटो. घोडं अडतं ते वयाच्या पुराव्यावर. मुलींची शाळा पुण्यात भिडे वाड्यात १८४८ मध्येच निघाली, पण डोंगरातल्या या बायकांच्या वाट्याला ती शंभर वर्षांनंतरही आली नाही. मग शाळा सोडल्याचा दाखला आणणार कुठून?

त्यावर वाट आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीचा उतारा चालतो. तो नसेल तर रेशनकार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं. तेही चुकीचं असेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा त्यांच्या वरच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरांचा वयाचा दाखला चालतो; खासगी दवाखान्याचा नाही. डॉक्टरकडे जाताना थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला सोबत ठेवावा. या आजींचा थोरला बहात्तरच्या दुष्काळातला. आधार खरं मानलं तर आई आठ वर्षांची असताना तो जन्मला! डॉक्टरांचा दाखला मिळाल्यावर आधारवरची तारीखही दुरुस्त होते का, ते आधार केंद्रात विचारावं, नाहीतर पुढे पुन्हा तेच.

नावाचंही असंच. आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर नुसतं 'बाई' जोडलेलं, पासबुकात तिसरंच काही. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर पाहा.

अर्ज तहसील कचेरीच्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा; सेतू केंद्रातूनही भरता येतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण अंगठ्यापुढे नाव लिहून साक्षीदाराची सही घ्या. आणि अंगठा उठवण्याआधी मजकूर मावशींना मोठ्याने वाचून दाखवा. "इथं लाव गं" एवढंच सांगून अंगठा घेणारे फार आहेत. पोच घेतल्याशिवाय जागचं हलू नका. तलाठ्यांची चौकशी झाली की प्रकरण तालुका समितीपुढे जातं, आणि बैठक कधी लागेल त्यावर पुढचं अवलंबून. मधूनमधून शाखेत विचारत राहावं.

पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन खाती असतील तर ज्याला आधार जोडलंय त्यातच जमा होतात, म्हणून 'आलेच नाहीत' म्हणण्याआधी जुनं पासबुकही भरून पाहावं. आयुष्यभर भांडी घासून, खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवून द्यायला सांगावं.

मंजुरीनंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात. पासबुकाच्या पिशवीत घरातल्या शिकलेल्या नातवाने तशी चिठ्ठी ठेवावी, आणि तारीख स्वतःच्या फोनमध्येही घालून ठेवावी, कारण चिठ्ठी आजींना वाचता येणार नाही.