रिपोर्टमधला ‘सीसीआर’: गुदाशयाच्या कर्करोगावरच्या उपचारांची पार्श्वभूमी

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवर सकाळच्या पनवेल लोकलमध्ये एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी गुडघ्यांत धरून बसलेलं कुणी ना कुणी दिसतंच. ते बहुतेक टाटाच्या कॅन्सर केंद्रात जायला खारघरला उतरतं. त्या पिशवीतल्या कागदावर अलीकडे एक नोंद वाचायला मिळते: ‘सीसीआर, वॉच अँड वेट’. कागद घरी पोचेपर्यंत तिचे दोन अर्थ झालेले असतात. एक, “गाठ गेली, सुटलो.” दुसरा, “डॉक्टरांनी हात टेकले, आता वाट बघा म्हणतात.” दोन्ही चुकीचे आहेत. खरा अर्थ एवढाच: तपासणीत गाठ दिसत नाही, म्हणून शस्त्रक्रिया न करता बारकाईने लक्ष ठेवायचं.

इथवर कसे आलो, तो जुना भाग थोडक्यात. १९०८ मध्ये लंडनच्या एका सर्जनने गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग), गुदद्वार आणि भोवतालच्या ग्रंथी एकत्र काढायची शस्त्रक्रिया मांडली. माणसं वाचू लागली, पण पोटावर मलाची कायमची पिशवी आली. १९८२ मध्ये इंग्लंडमधूनच दुसरी सुधारणा आली. गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण हाताने ओढून न तोडता, नजरेसमोर, अखंड सोडवून काढायचं. त्यामुळे ओटीपोटात आजार परत येणं खूप कमी झालं आणि बऱ्याच जणांची कायमची पिशवीही टळली.

पुढचा गुंता शेकाचा, म्हणजे आपण ‘लाइट घेणं’ म्हणतो त्या किरणोपचाराचा. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी फक्त पाच दिवस शेक दिल्यावर आजार त्याच जागी परतण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ११ वर आलं. २००४ मध्ये जर्मनीतून उत्तर आलं की केमोसोबतचा लांब शेक शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी दिला तर हे प्रमाण १३ ऐवजी ६ टक्के राहतं. आधी द्यायचा, हे ठरलं. पाच दिवस की साडेपाच आठवडे, हे ठरलं नाही. शास्त्रीय लेखांत हा मात्रेचा वाद आहे. दिवा स्टेशनहून किंवा घोडबंदर रोडवरून निघणाऱ्याला तो पाच फेऱ्या की अठ्ठावीस फेऱ्या, बरोबर येणाऱ्या मुलाची किती रजा, असा दिसतो.

२०२० मध्ये युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात पाच दिवसांच्या शेकानंतर सगळी केमो देऊन मगच शस्त्रक्रिया केली. आजार दूर पसरण्याचं प्रमाण तीन वर्षांत २७ वरून २० टक्क्यांवर आलं. पाच वर्षांचे आकडे आल्यावर मात्र उत्साह थोडा ओसरला, कारण ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण १० टक्के निघालं, जुन्या पद्धतीत ते ६ होतं. त्यामुळे एकाच मजल्यावरच्या दोन रुग्णांना दोन वेगळे क्रम सांगितले गेले तर त्यात कुणाची चूक असेलच असं नाही.

उपचार असे पुढे सरकले आणि सर्जनना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. काढलेल्या गुदाशयात कधी कधी कर्करोगाची एकही पेशी सापडेना. मग तो काढला कशाला? साओ पाउलोच्या एका सर्जन बाईंनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. २००४ मध्ये त्यांच्या गटाने २६५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ७१ जणांची गाठ केमो आणि शेकानंतर दिसेनाशी झाली होती, म्हणून त्यांची शस्त्रक्रिया न करता त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पाच वर्षांनी ते सगळे हयात होते. बऱ्याच सर्जनांचा यावर विश्वास बसला नाही, आणि माझ्या मते त्यांचा संशय रास्त होता. गाठ ‘गेली’ हे ठरवायचं कसं?

सीसीआर म्हणजे क्लिनिकल कम्प्लीट रिस्पॉन्स. यातला महत्त्वाचा शब्द ‘क्लिनिकल’ हा आहे. बोटाने तपासलं, स्कोपी केली म्हणजे आत दुर्बीण घालून पाहिलं, एमआरआय पाहिला आणि गाठ दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेशी उरली नाही हे आतडं काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळतं, त्याला ‘पॅथॉलॉजिकल’ म्हणतात. मराठीत दोन्हींचं भाषांतर ‘पूर्ण प्रतिसाद’ होतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत शस्त्रक्रिया न केलेले असे ८८० रुग्ण होते. दोन वर्षांत सुमारे एक चतुर्थांश जणांची गाठ पुन्हा उगवली. ज्यांची उगवली, त्यातल्या ८८ टक्क्यांची पहिल्या दोन वर्षांतच, आणि जवळजवळ सगळ्यांची आतड्याच्या भिंतीत, म्हणजे स्कोपीत दिसेल अशा जागी. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोलावतात ते यासाठी. वेळेत सापडलेल्या गाठीवर बहुतेकदा शस्त्रक्रिया होऊ शकते. ‘वाट पाहा’ ऐवजी ‘पहारा’ म्हटलं असतं तर निम्म्या घरांतला गोंधळ वाचला असता.

एवढा खटाटोप फक्त पिशवी टाळायला नाही. गाठ खाली असेल तर पिशवीशिवायच्या शस्त्रक्रियेनंतरही कित्येकांना दिवसातून अनेकदा, तेही घाईने, संडासला जावं लागतं. शौचालय नसलेल्या लोकलने ठाण्याहून सीएसएमटीला नोकरीला जाणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात आधी केमोसह शेक आणि मग उरलेली केमो असा क्रम घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही जागेवर होता.

त्याच वर्षी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कॅन्सर गायब करणारं औषध’ फिरलं. औषधाचं नाव डोस्टार्लिमॅब. १२ पैकी १२ जणांची गाठ नाहीशी झाली हे खरंच होतं, आणि २०२५ मध्ये तो आकडा ४९ पैकी ४९ झाला. फॉरवर्डमधून एक वाक्य गळलं होतं. हे सगळे रुग्ण एका विशिष्ट प्रकारचे होते. त्यांच्या गाठीत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा, एमएमआर, बंद पडलेली होती. गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण शंभरात पाच-दहा. बाकीच्यांना हे औषध असं लागू पडत नाही. बायोप्सीच्या तुकड्यावरच ही तपासणी होते, तेव्हा उपचार सुरू व्हायच्या आधी रिपोर्टवर ‘एमएमआर’ लिहिलंय का ते विचारावं. किमतीचा प्रश्न निराळा, पण तो या उत्तरानंतरचा.

२०२३ मध्ये उलट्या बाजूनेही दार उघडलं. मध्यम टप्प्यातल्या, गुदद्वार वाचवता येईल अशा गाठींत आधी केमो देऊन गाठ पुरेशी आकसली तर शेक वगळून थेट शस्त्रक्रिया करता येते. ओटीपोटाच्या शेकाने बीजकोश निकामी होतात, म्हणून मूल हवं असलेल्या तरुणीसाठी ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे या आजारात तरुण रुग्ण बरेच दिसतात, आणि त्यातले कितीतरी जण आधी महिनोन्‌महिने मूळव्याधीचं औषध घेत राहिलेले असतात.

कोपरीतल्या आमच्या शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयवर दर तिसऱ्या महिन्यात एक लाल गोल असायचा. त्या सकाळी एनिमा, मग स्कोपी, आणि दुपारपर्यंत काकू फोनजवळ. गाठ दिसेनाशी झाली त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. या वर्षीच्या कॅलेंडरवर गोल दोनच आहेत, आणि काका दोन्ही तारखा काकूंकडून पुन्हा पुन्हा तपासून घेतात.