वातावरणाचं जुळं सांभाळताना

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं, की त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. बारा किलोमीटरच्या चौकटींत कापलेल्या संगणकीय वातावरणात या दोन गावांमध्ये जेमतेम दोन चौकटी बसतात आणि सह्याद्रीचा कडा सपाट होऊन जातो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान-अंदाज प्रणाली ती चौकट सहा किलोमीटरवर आणते.

चौकट निम्मी केली की लांबी-रुंदीत मिळून चौकटी चौपट होतात. शिवाय वेळेची पायरीही निम्मी करावी लागते, नाहीतर वारा एका पायरीत अख्खी चौकट ओलांडतो आणि गणित कोसळतं. ही अट कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच दाखवून दिली. म्हणजे खर्च आठपट! तरी हे दुखणं मोठ्या यंत्रांनी कमी होतं.

त्याहून अवघड आहे ते डिजिटल ट्विन, म्हणजे वातावरणाचं संगणकातलं जुळं, मोजमापांच्या आधारे खऱ्या हवेला बांधून ठेवणं. युरोपीय संघाचा ‘डेस्टिनेशन अर्थ’ प्रकल्प पृथ्वीचं असं संगणकातलं जुळं घडवतो आहे. उपग्रह, विमानं, बलून, जहाजं रोज कोट्यवधी मोजमापं पाठवतात. तरी समुद्रावर, ढगांच्या पोटात मोठी भगदाडं उरतात. रत्नागिरीला वाऱ्याचा अंदाज चुकलेला दिसला, तर शेजारच्या समुद्रावरची आर्द्रता किती बदलायची? त्यासाठी प्रत्येक राशीतल्या (म्हणजे प्रत्येक जागच्या वारा, तापमान, आर्द्रता अशा आकड्यातल्या) चुकीचा इतर प्रत्येक राशीतल्या चुकीशी असलेला संबंध माहीत हवा. समजा, राशी शंभर कोटी आहेत. मग या संबंधांच्या तक्त्यात १०^१८ आकडे येतात. नुसते साठवायलाच सुमारे ऐंशी लाख टेराबाइट जागा लागेल.

म्हणून तो पूर्ण तक्ता कोणी लिहीतच नाही. एक मार्ग असा: सुरुवात किंचित बदलून पन्नासेक अंदाज चालवायचे आणि त्यांच्यातल्या फरकांवरून संबंध ताडायचे. मला ही युक्ती फार आवडते, कारण जुळ्याला स्वतःची खात्री किती हेही त्यातूनच कळतं. पण पन्नास नमुन्यांत योगायोग भरपूर. रत्नागिरीच्या वाऱ्याचा जपानमधल्या तापमानाशी घट्ट संबंध आहे, असंही त्यातून निघू शकतं. असे खोटे धागे तोडायला अंतर वाढेल तसा संबंध कमी करत शून्यावर आणतात.

इथे मान्सून आडवा येतो. मादागास्करच्या पूर्वेला हिंदी महासागरावर जो उच्च दाबाचा पट्टा तयार होतो, त्याचं आपल्या पावसाशी नातं खरं आहे आणि अंतर हजारो किलोमीटरचं आहे. कात्री आखूड ठेवली तर असे खरे धागेही तुटतात, लांब ठेवली तर खोटे आत शिरतात. ते अंतर किती असावं याचं एकच सर्वत्र चालणारं सूत्र नाही. ढगांसाठी वेगळं, दाबासाठी वेगळं, असं ते पारखूनच ठरवावं लागतं.