मत्स्योद्योगातील संशोधन व विकास

मासे, कोळंबी, शिंपले इ. जलचर पकडणे, वाढविणे, टिकविणे व त्यांच्यावर प्रक्रिया करणे या व्यवहारांसाठी होणारे शास्त्रीय संशोधन आणि त्यातून सिद्ध झालेली तंत्रे यांचा या संज्ञेत समावेश होतो. जीवविज्ञान, सागरविज्ञान, संख्याशास्त्र, अभियांत्रिकी, सूक्ष्मजीवशास्त्र व अन्नतंत्रविज्ञान या शाखा येथे एकत्र येतात. शेतीच्या संशोधनापेक्षा या क्षेत्राची अडचण मुळातच वेगळी आहे. पीक डोळ्यांसमोर उभे असते, पाण्याखालचा साठा दिसत नाही. त्यामुळे ‘समुद्रात मासे किती?’ या साध्या प्रश्नावरच या शास्त्राचा मोठा भाग खर्ची पडला आहे.

उगम : या संशोधनाचा आरंभ केव्हा मानावा याविषयी मतभेद आहेत. मत्स्यसंवर्धनावरील सर्वांत जुने लेखन म्हणून चीनमधील फान ली याच्या नावावरील एका लहान ग्रंथाचा उल्लेख केला जातो व त्याचा काळ इ. स. पू. पाचवे शतक असा सांगितला जातो. मात्र हा मजकूर आज मिळतो तो इ. स. सहाव्या शतकातील एका कृषिविषयक संकलनातील उताऱ्यांच्या रूपाने. त्यामुळे तो फान ली याचा नसून त्याच्या नावावर नंतर रचला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यात तळे कसे असावे, कार्पचे नर-माद्या किती सोडाव्यात, असे व्यवहारज्ञान आहे. प्रयोग करून पडताळणी केल्याचे त्यावरून दिसत नाही.

यूरोपात कृत्रिम फलनाचे श्रेय दीर्घकाळ वादात राहिले. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये असा दावा पुढे आला, की दों पँशों नावाच्या एका मठवासीयाने १४२०च्या सुमारासच ट्राउटची अंडी उबविली होती. ज्या हस्तलिखितावर हा दावा उभा होता त्यात वाळू पसरलेल्या लाकडी पेटीत अंडी ठेवण्याचे वर्णन असल्याचे सांगतात. ते मान्य केले, तरी तो उबवणीचा प्रकार ठरतो, फलनाचा नव्हे. दावा पुढे आला त्या वेळी फ्रान्समध्ये या विषयाला राष्ट्रीय प्रतिष्ठेचे स्वरूप आले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. मादीची अंडी व नराचे मिल्ट (शुक्रद्रव) हाताने पिळून एकत्र करण्याचा पद्धतशीर प्रयोग जर्मनीतील श्टेफान लुडविग याकोबी याने अठराव्या शतकाच्या मध्यास केला. त्याचे वर्णन १७६०च्या दशकात छापून आले. तरीही ते विस्मृतीत गेले आणि १८४०च्या दशकात व्होज पर्वतातील रेमी व झेहँ या दोघांना तेच तंत्र नव्याने शोधावे लागले. त्यातूनच १८५२ मध्ये अल्सेसमधील ह्यूनिंग येथे मोठे शासकीय मत्स्यबीज केंद्र उभे राहिले.

याकोबीच्या पद्धतीतील खरी त्रुटी रशियातील व्रास्की याने १८५०च्या दशकात हेरली. अंडी पाण्यात पिळून मग मिल्ट मिसळण्याची रीत होती. पण पाण्याचा स्पर्श होताच ट्राउट-सॅमनचे शुक्राणू सक्रिय होतात व मिनिटभरातच त्यांची हालचाल मंदावते. त्याच अवधीत अंडे पाणी शोषून फुगते आणि त्याच्या कवचावरील ज्या एकमेव सूक्ष्म छिद्रातून शुक्राणू आत जातो ते बंद होते. व्रास्कीने कोरड्या भांड्यात अंडी व मिल्ट आधी मिसळले, पाणी नंतर घातले आणि फलनाचे प्रमाण एकदम वाढले. ‘कोरडी पद्धत’ म्हणून ती आजही बीजकेंद्रांत वापरतात. तंत्राच्या इतिहासात याकोबीला अग्रक्रम द्यावा, पण व्यवहार्यतेचे श्रेय व्रास्कीकडे जाते, असे म्हणणे रास्त ठरेल.

या यशातून एक महागडी समजूतही रुजली. बीजकेंद्रात फलित केलेली कोट्यवधी डिंभके (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले) समुद्रात सोडली, की साठा आपोआप वाढेल, असे धरून चालण्यात आले. नॉर्वेतील फ्लोडेव्हिगेन येथे १८८०च्या दशकापासून कॉडची डिंभके सोडण्यात येत होती. हा उपक्रम १९७१ पर्यंत चालला, परंतु त्याचा साठ्यावरील परिणाम सिद्ध करता आला नाही. किती सोडली याचा हिशोब काटेकोर होता, किती जगली याचा नव्हता.

साठ्याचे मापन : टॉमस हेन्री हक्स्ली याने १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात मोठी सागरी मत्स्यक्षेत्रे बहुधा अक्षय आहेत, असे प्रतिपादन केले. हे विधान नेहमी अर्धवट उद्धृत होते. ते तत्कालीन मासेमारीच्या पद्धतींपुरते असल्याचे त्याने स्पष्ट केले होते. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलरांनी (मोठे जाळे ओढत नेणाऱ्या नौकांनी) त्या पद्धती लवकरच मागे टाकल्या. १९०२ मध्ये कोपनहेगन येथे आंतरराष्ट्रीय समुद्र-अन्वेषण परिषद स्थापन झाली. संघटित मत्स्यसंशोधनाचा आरंभ म्हणून बहुतेक लेखक हेच वर्ष धरतात. अमेरिकेत १८७१ मध्ये स्थापन झालेला मत्स्य आयोग त्याहून जुना असला, तरी अनेक देशांनी एकाच समुद्राची आकडेवारी एकत्र ठेवण्याची प्रथा परिषदेमुळेच पडली.

वर्षागणिक मासळी कमीजास्त का मिळते, याचे तोवरचे उत्तर ‘मासे दुसरीकडे गेले’ असे होते. नॉर्वेच्या योहान यॉर्टने १९१४ मध्ये वेगळे उत्तर दिले. हेरिंगच्या खवल्यांवरील वर्तुळे मोजून त्याने वय ठरविले. तेव्हा असे दिसले, की १९०४ या एकाच वर्षी जन्मलेली पिढी पुढे अनेक वर्षे जाळ्यांत सर्वाधिक येत होती. म्हणजे साठ्याचे भवितव्य अंड्यांच्या संख्येपेक्षा डिंभकांच्या पहिल्या काही आठवड्यांवर ठरते. पीतक (अंड्यातून बरोबर आलेला अन्नसाठा) संपताना प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) अन्न मिळाले नाही तर डिंभके मरतात, हे त्याचे अनुमान होते. प्रवाहांबरोबर वाहून जाणे हेही कारण त्याने सुचविले होते. नंतरच्या संशोधनाचा कल भूक, वहन व भक्षण या तिन्ही कारणांना एकत्र धरण्याकडे आहे.

वय ठरविण्यासाठी आज मुख्यतः कानातील खडा (कर्णाश्म) वापरतात. काही जातींत हा चुनखडीचा खडा मधोमध मोडून ज्योतीवर किंचित भाजतात. भाजल्यावर हिवाळ्यातील मंद वाढीची वर्तुळे तपकिरी होऊन उठून दिसतात व सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या खोडासारखी मोजता येतात. हे काम किरकोळ वाटते, पण त्यातील चूक संपूर्ण साठ्याला भोवते. खोल समुद्रातील ऑरेंज रफी या माशाचे आयुष्य प्रारंभी काही दशकांचेच समजले गेले. किरणोत्सारी पद्धतींनी पडताळल्यावर ते शंभर वर्षांहून अधिक असल्याचे दिसले. तोपर्यंत न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या परिसरातील अनेक साठे उपसले गेले होते.

गणिती बाजूचा पाया फ्योदोर बरानोव्ह याने १९१८ मध्ये घातला. रशियन भाषेतील त्याचे काम पश्चिमेत बरेच उशिरा पोचले. १९५४ मध्ये शेफर व रिकर यांची आणि १९५७ मध्ये रेमंड बेव्हर्टन व सिडनी होल्ट यांची प्रतिमाने (साठा व मासेमारी यांचा संबंध मांडणारी गणिती सूत्रे) प्रसिद्ध झाली. दोन्ही महायुद्धांच्या काळात उत्तर समुद्रातील मासेमारी जवळजवळ थांबली होती आणि युद्धानंतर प्लेस हे चपटे मासे संख्येने अधिक व आकाराने मोठे मिळाले. एवढा मोठा प्रयोग शास्त्रज्ञांना एरवी करता आला नसता. यातून ‘कमाल शाश्वत उत्पादन’ (साठा न खालावता दरवर्षी घेता येणारी जास्तीत जास्त पकड) ही संकल्पना दृढ झाली व १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही आली. पीटर लार्किन याने १९७७ मध्ये तिच्यावर केलेली टीका (एका जातीचा एकट्याने विचार, पर्यावरणातील चढउतारांकडे दुर्लक्ष) आजही लागू पडते. ही संकल्पना गाठावयाचे उद्दिष्ट न मानता ओलांडू नये अशी मर्यादा मानावी, हा पक्ष प्रस्तुत लेखकाला अधिक पटतो.

न्यू फाउंडलंडच्या कॉडचे उदाहरण या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट पाहावे. साठा घटत असताना उरलेले मासे थोड्या जागेत दाटीने राहत. ध्वनियंत्रे लावलेले ट्रॉलर नेमके तेथे पोचत, त्यामुळे तासाला मिळणारी मासळी फारशी घटली नाही. मूल्यमापनात हे आकडे संशोधन-नौकांच्या पाहणीबरोबर धरले गेले आणि साठा होता त्याहून मोठा भासला. किनाऱ्यावरील लहान मच्छीमार मासळी आटल्याची तक्रार करीत होते, पण त्यांची निरीक्षणे हिशोबात बसविण्याची रीत नव्हती. जुलै १९९२ मध्ये कॅनडाने मासेमारी बंद केली व सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. येथे मासे शोधण्याचे तंत्र मासे मोजण्याच्या शास्त्राच्या पुढे निघून गेले होते.

साधने व जाळी : ध्वनिलहरींनी मासे ओळखण्याचे प्रयोग जपानमध्ये १९२९ मध्ये झाले. १९३५ मध्ये ऑस्कर सुंड याने लोफोटन येथील कॉडच्या थव्यांचा प्रतिध्वनिआलेख प्रसिद्ध केला. कृत्रिम धाग्यांची जाळी, जाळे ओढणारी शक्तिचलित कप्पी व बोटीवरच गोठविण्याची सोय ही दुसऱ्या महायुद्धानंतरची भर होय. नको ती मासळी जाळ्यातून सुटून जावी, यावर अलीकडे जोर आहे. समुद्री कासवांना बाहेर काढणारी चौकट आणि कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यातील नॉर्वेची तिरपी गजांची चौकट या दोन्ही साधनांचे मूळ मच्छीमारांनी जेलीफिश टाळण्यासाठी केलेल्या जुगाडात आहे. प्रयोगशाळांनी पुढे टाक्यांत व समुद्रात चाचण्या घेऊन त्यांची मापे निश्चित केली.

संवर्धन : बंदिस्त पाण्यात अनेक मासे अंडी देत नाहीत. त्यांना पोष ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरक-ग्रंथीचा) अर्क टोचून प्रजननास उद्युक्त करण्याचा मार्ग अर्जेंटिनातील बर्नार्दो उसाय याच्या १९३० च्या सुमाराच्या प्रयोगांपासून सुरू होतो. ब्राझील व रशियात तो पुढे नेला गेला. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी भारतीय प्रमुख कार्प माशांत तो यशस्वी केला आणि नदीतून बीज गोळा करण्यावरील अवलंबन घटू लागले. पुढे अर्काच्या जागी संश्लेषित संप्रेरके आली. कोळंबीच्या डिंभकांना वाढीच्या टप्प्यानुसार वेगळे खाद्य लागते, हे जपानच्या मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३०च्या दशकापासून दाखविले.

नॉर्वेत त्रिग्वे येद्रेम व सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात सुमारे ४० नद्यांतील सॅमन गोळा करून कुलनिहाय निवड-पैदास सुरू केली. पशुपैदाशीचे जुने नियम माशांना लावल्याने प्रत्येक पिढीत वाढीचा वेग १० टक्क्यांच्या आसपास सुधारत गेला. लसीकरणाचा परिणाम त्याहूनही ठळक आहे. १९८७ मध्ये तेथील मत्स्यशेतीत सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली जात. परिणामकारक लसी आल्यावर उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही हा वापर एका टनाच्या आसपास व पुढे त्याहूनही खाली आला. सॅमन-उवांचा (सॅमनच्या अंगावर चिकटणाऱ्या परजीवींचा) प्रश्न मात्र सुटलेला नाही. खाद्यातील मत्स्यपीठ व मत्स्यतेल यांच्या जागी वनस्पतिजन्य, शैवालजन्य व कीटकजन्य घटक वापरण्याचे संशोधन सध्या सर्वांत जोरात आहे.

टिकवण व प्रक्रिया : मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतील ऊर्जाद्रव्य (एटीपी) ठरावीक क्रमाने विघटित होते. मधल्या टप्प्यावरील आयएमपी या संयुगामुळे मासळीला गोडसर रुची येते. ते सरले, की इनोसीन व शेवटी कडवट हायपोझँथीन उरते. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी यांच्या परस्परप्रमाणावरून ‘के-मूल्य’ हा ताजेपणाचा निर्देशांक मांडला. के-मूल्य २० टक्क्यांखाली असेल तर मासळी कच्ची खाण्याजोगी मानतात. नाकाला जाणवणारा वास याहून वेगळा व उशिराचा आहे. सागरी माशांतील ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइडापासून जीवाणू ट्रायमिथिलअमाइन बनवितात त्याचा तो वास. म्हणजे वास येईपर्यंत थांबणाऱ्याला चव आधीच गेलेली असते.

टुना-बांगडा वर्गातील माशांत बर्फाची हयगय झाली, की जीवाणू हिस्टिडिन या ॲमिनो अम्लापासून हिस्टामीन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार करतात. शिजविल्याने किंवा डबाबंद केल्याने ते नष्ट होत नाही. अशा धोक्यांमुळे तयार मालाची तपासणी पुरेशी नाही हे पटले व प्रत्येक टप्प्यावरील धोका आधीच ओळखण्याची पद्धत (हॅसॅप) रूढ झाली. अमेरिकेने ती सागरी अन्नासाठी डिसेंबर १९९७ पासून सक्तीची केली. होक्काइडोतील संशोधकांनी १९६० च्या सुमारास धुतलेल्या पोलॉकच्या खिम्यात साखर मिसळून प्रथिने गोठवणीत टिकवून धरली. गोठविलेल्या सुरिमीचा (अशा धुतलेल्या खिम्याचा) सारा उद्योग त्यावर उभा आहे. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान, माशांच्या कातडीपासून कोलॅजेन, तसेच भेसळ ओळखण्यासाठी डीएनए-पट्टी (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याची पद्धत) ही अलीकडील क्षेत्रे होत.

सद्यस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार २०२२ मध्ये संवर्धित जलचर प्राण्यांचे उत्पादन (९.४४ कोटी टन) पकडीहून (सुमारे ९.१ कोटी टन) प्रथमच अधिक झाले. संशोधनाचा निधीही त्याच दिशेने वळला असून त्यात सॅमन व कोळंबी यांचा वाटा मोठा आहे. लहान प्रमाणावरील मासेमारीतून जगातील पकडीचा सुमारे ४० टक्के भाग येतो आणि पकडव्यवसायातील सुमारे ९० टक्के रोजगार तिच्यावर आहे. तिच्या साठ्यांपैकी बहुतेकांची वयनिहाय आकडेवारी नाही. अशा ठिकाणी केवळ लांबीच्या मोजमापांवरून अंदाज काढण्याच्या पद्धती वापरतात. मासळी निवडणे, खारवणे व सुकविणे ही मुख्यतः स्त्रियांची कामे असून त्यांवरील संशोधन सुधारित वाळवण-मांडव, धुराड्यांची रचना व किडीपासून संरक्षण एवढ्यापुरते आहे.