पुढच्या गाण्याचं भूत

मामांच्या कॅसेटवरचं दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधीच सुरू होतं. पहिलं गाणं संपतं, मागे नुसती सूंऽऽ राहते, आणि त्या सूंमध्ये दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ भिंतीपलीकडून यावी तशी, अगदी बारीक ऐकू येते. तीनेक सेकंदांनी तीच ओळ मोठ्याने. लहानपणी आम्हा भावंडांना याची भीती वाटायची. थोरल्या मावसभावाने पसरवलं होतं की वापरलेल्या कॅसेटवर नवी गाणी भरली की जुन्या गाण्यातली बाई आत अडकून पडते आणि तीच मधूनमधून ओरडते. त्या बाईला पुढचं गाणं आधीच कसं ठाऊक असतं, हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती.

गेल्या मे महिन्यात मामांची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली. आत एकोणतीस कॅसेटी. विकतच्या दोनच, बाकी सगळ्या भरून घेतलेल्या. मामा सोलापुरात गिरणीत होते, पाळीवर जायचे. पगार झाला की वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, नवी पेठेतल्या एका दुकानात कोऱ्या कॅसेटीच्या पैशांसह द्यायची आणि आठवड्याने चक्कर मारायची. या याद्या त्यांनी कॅसेटींच्या डब्यांत घडी घालून ठेवल्यात. त्या वाचल्या की आमचं गाव दिसतं. वर दोन भावगीतं, खाली कन्नड भक्तिगीत, मग कव्वाली, आणि शेवटी शेजारच्या यंत्रमागवाल्या दोस्ताने सुचवलेलं तेलुगू सिनेमातलं गाणं, देवनागरीत लिहिलेलं, त्यामुळे नाव भलतंच झालेलं. (अशी गाणी भरून देणं कायद्यात बसत नव्हतं. कॉपीराइटचा कायदा १९५७ पासून आहेच. पण दुकानावर ‘येथे कॅसेट भरून मिळेल’ अशी पाटी रंगवलेली असायची आणि तिच्याकडे बघून कुणाला काही वाटायचं नाही.)

साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. त्यात सहा गाणी बसायची आणि सातव्याचं मुंडकं.

ही वस्तू फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली. लू ऑटेन्स या डच इंजिनियरने आधी आपल्या कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि यंत्र त्या मापात बसवा म्हणून सांगितलं, अशी तिची जन्मकथा आहे. खिशाचं माप आधी ठरल्यामुळे बाकी सगळीकडे काटकसर आली. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. मुंगीसुद्धा पळताना याच्या आसपास जाते.

हा वेग लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातून निघतं. फितीवर तपकिरी लेप असतो तो लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊच म्हणायचा. रासायनिक सूत्र तेच, स्फटिकाची रचना वेगळी, आणि त्या रचनेमुळे याला चुंबकत्व धरता येतं. सुईसारखे लांबट कण, एकेक साधारण अर्ध्या मायक्रोमीटरचा. एका मिलिमीटरात ओळीने दोनेक हजार बसतील. रेकॉर्डिंगचं हेड हा एक छोटा विद्युतचुंबक. गाण्याच्या चढउतारांबरोबर त्याचं क्षेत्र बदलतं आणि समोरून जाणारे कण त्या त्या क्षणाचं चुंबकत्व घेऊन पुढे सरकतात. सेकंदाला १००० वेळा कंप पावणारा सूर ४.७६ सेंटिमीटरमध्ये १००० लाटा उमटवतो, म्हणजे एक लाट सुमारे ४८ मायक्रोमीटरची, केसाच्या जाडीहून थोडी कमी. झांजेचा, टाळाचा झणत्कार १० हजार हर्ट्झच्या पुढे जातो. त्याची लाट पाच मायक्रोमीटरही भरत नाही.

कॅसेट ‘दबकी’ वाजायला लागली की मामा हेड साफ करायचे, काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून. आमच्याकडे हे काम दर पंधरवड्याला निघायचं, कारण गल्लीत यंत्रमाग, आणि हवेत कापसाची बारीक लव कायम तरंगत असायची. त्या लवेमुळे, फितीचाच लेप झडून बसल्यामुळे किंवा धुळीने फीत हेडपासून एक मायक्रोमीटर जरी लांब राहिली, तरी १० हजार हर्ट्झचा सूर साडेअकरा डेसिबलने पडतो. म्हणजे त्याची ताकद दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते. तेवढ्याच अंतराने ५०० हर्ट्झच्या सुराचं जेमतेम अर्धा डेसिबल नुकसान होतं. लाट जितकी आखूड तितकी ती अंतराला नाजूक. म्हणून मळलेल्या हेडवर गायकाचा आवाज राहतो आणि टाळ नाहीसे होतात.

ती सूंऽऽ कशाची, हेही या कणांतच आहे. गाणं नसलेल्या जागी कण कुठल्याच ओळीत नसतात, वाटेल तसे पसरलेले. हेडसमोरून असे कोट्यवधी बेशिस्त कण गेले की त्यांची गोळाबेरीज पूर्ण शून्य होत नाही, थोडी इकडेतिकडे हलत राहते, आणि ती हालचाल सूं म्हणून ऐकू येते. हा आवाज कमी करणारा डॉल्बी हा माणूस १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतातच काम करत होता. इथून जाऊन त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. त्याच्या नावाचं बटण मात्र आमच्या टू-इन-वनवर नव्हतं.

आता भूत.

भरलेलं रिळ म्हणजे फितीचे एकावर एक बसलेले वेढे. साठच्या कॅसेटीची फीत सोळा ते अठरा मायक्रोमीटर जाड, नव्वदची बारा. एवढ्याच अंतरावर गाण्याची पहिली ओळ शेजारच्या वेढ्यातल्या कोऱ्या फितीला महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं खेटून असते. ओळीचं चुंबकत्व त्या फितीवरही पोचतं. सगळे कण त्याला दाद देत नाहीत. पण लेपात काही कण फार छोटे असतात, त्यांना आपली दिशा घट्ट धरून ठेवता येत नाही. हे कच्चे कण शेजाऱ्याच्या तालावर वळतात आणि त्याची पुसट नक्कल तयार होते. इंजिनियर याला प्रिंट-थ्रू म्हणतात. ओल्या शाईच्या पानावर दुसरं पान मिटलं की अक्षरं उमटतात, तसंच.

नक्कल मागच्या वेढ्यावरही उमटते आणि पुढच्यावरही, पण गाणं संपल्यानंतरची बहुधा विरत जाणाऱ्या सुरांत झाकून जाते. आधीची शांततेत येते, म्हणून पकडली जाते. आणि ती किती आधी येणार हे मोजता येतं. भरलेल्या रिळाच्या बाहेरच्या वेढ्याचा घेर सुमारे पंधरा सेंटिमीटर, आतल्या चक्रीजवळ सात. भागिले ४.७६. म्हणजे बाजूच्या सुरुवातीला भूत गाण्याच्या तीन सेकंद आधी येतं आणि शेवटाकडे दीड सेकंद. मी मामांच्या कॅसेटीवर घड्याळ लावून बघितलं. दुसऱ्या गाण्याला तीनला थोडं कमी, पाचव्याला दोनच्या आसपास. चोख. पाचव्याआधी मात्र आणखी एक, त्याहून पुसट हाक येते, त्याचं कारण वेगळं असावं. दुकानदाराने ते गाणं एलपीवरून घेतलं असणार. तबकडीतही एका खोबणीचा दाब शेजारच्या खोबणीला थोडा वाकवतो, आणि तबकडी १.८ सेकंदांत एक फेरा करते. भुताच्या मागे भूत.

आमच्याकडची भुतं इतकी ठळक का, तर सोलापूर. कच्च्या कणांना वळायला उष्णता मदत करते. तापमान जितकं जास्त आणि काळ जितका लांब, तितकी नक्कल गडद. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणं इथे बातमीसुद्धा नसते. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत किती होत असेल ते ज्याने दुपारी तिथे हात घातला त्यालाच ठाऊक. एवढ्या उष्णतेने मूळ गाणं पुसत नाही, ऑक्साइडच्या दृष्टीने हे तापमान किरकोळ आहे. त्याआधी कॅसेटीचं प्लास्टिक वाकडं होईल. उलट कोरड्या हवेने आमचा फायदाच केला. कोकणातल्या एका मित्राच्या कॅसेटींना पांढरी बुरशी धरली, मामांच्या एकीलाही नाही.

मामांची एक सवय होती. बरेच दिवस न वाजवलेली कॅसेट काढली की आधी ती पूर्ण पुढे पळवायची, मग मागे, आणि मग लावायची. सेल वाचवायचे असले की हेच पेन्सिल घालून गरगर. फीत मोकळी होते म्हणायचे. ते खरं आहेच, पण शिवाय वेढे सुटले, फीत वाकली-सरळ झाली की कच्चे कण पुन्हा विस्कटतात आणि भूत बरंचसं फिकं पडतं. ध्वनिसंग्रहालयांत जुनी रिळं वाजवण्याआधी असंच करतात. मी घाईघाईत तशीच लावली, म्हणून मला भूत भेटलं.

पण त्या दिवशी खरी गंमत भुताची नव्हती. शेजारी खुर्चीत मामा बसले होते, पंचाहत्तरी ओलांडलेले, अलीकडे नावं विसरायला लागलेले. पहिलं गाणं संपलं, सूं सुरू झाली, आणि मामा दुसऱ्या गाण्याची ओळ गुणगुणायला लागले. भुताच्याही आधी.

जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या योसेफ राउशेकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमक्या याच फटीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लोकांना त्यांची रोजच्या ऐकण्यातली सीडी आणायला सांगितली आणि मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना ऐकवली. बघायचं होतं ते दोन गाण्यांमधल्या शांततेत काय होतं ते. त्या शांततेत मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल दिसली, आणि त्यात हालचालींची आखणी करणारा भागही होता. हे मला फार पटतं. रोजच्या जिन्याच्या पायऱ्या आपण अंधारात मोजत नाही, एक पाय टेकला की दुसरा आपोआप उचलतो. गाण्यांचा क्रमही तसाच बसतो. एकाचा शेवट ही दुसऱ्याची पायरी. भावगीतानंतर कन्नड भक्तिगीत जगात दुसऱ्या कुठल्या कॅसेटीवर येत असेल? तो क्रम मामांनी वहीच्या पानावर लिहिला, म्हणून आहे. आम्हा घरच्यांच्या मेंदूंत तो पक्का झाला, बाकी कुणाच्या नाही.

साठच्या कॅसेटीने कापलेलं सातवं गाणंही असंच. ते मी फोनवर पूर्ण ऐकवलं. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत, जिथे फीत संपून बटण खाटकन वर यायचं, तिथे मामा थांबले. फोनवरचं गाणं चालू राहिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी घोळ केलाय.

नावं विसरणारा माणूस गाणी का विसरत नाही, याचा एक धागा कॅलिफोर्नियातल्या पीटर यानाटाच्या कामात मिळतो, तेही २००९ चंच. त्याने तेरा विद्यार्थ्यांना त्यांच्या ८ ते १८ वर्षं वयातली लोकप्रिय गाणी ऐकवली. ज्या गाण्याने स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी होई, तेव्हा कपाळामागचा मधला भाग जास्त काम करताना दिसला, आणि तो भाग सुरावटीच्या चढउतारांचाही माग ठेवत होता. गाणं आणि आठवण तिथे एका जागी भेटतात. अल्झायमरमध्ये हा भाग इतर बऱ्याच भागांपेक्षा उशिरा झिजतो.

माझ्यापुरता प्रश्न वेगळा होता. ही गाणी माझ्या वयाची नाहीत, ती मामांच्या पंचविशीतली. मग मला हुरहूर कसली? कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये दाखवलं की विशीतल्या मुलांच्या आठवणींत त्यांच्या स्वतःच्या काळच्या गाण्यांखेरीज आणखी एक उंचवटा दिसतो, त्यांच्या आईबापांच्या तरुणपणीच्या गाण्यांचा. घरात जे वाजत राहिलं ते पुढच्या पिढीत उतरलं. शेजारच्या वेढ्यावर उमटावं तसं, असं लिहायचा मोह होतो. पण कण आणि मेंदू यांची यंत्रणा अगदी वेगळी आहे, त्यामुळे उपमेपलीकडे ते नेऊ नये.

एकोणतीसही कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. प्रत्येकीला हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवावा लागला. हेडचा तिरपेपणा फितीवरच्या लाटांशी जुळला नाही तर टाळ पुन्हा गायब होतात, आणि दुकानातल्या डेकचं हेड अर्थातच माझ्या डेकसारखं नव्हतं. मग सॉफ्टवेअरने सूं काढली. भुतंही एकेक करून कापली, त्यात दोन रविवार गेले. पेन ड्राइव्ह मामांकडे दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. “सगळं लई स्वच्छ आलंय. पण ते आधी यायचं ते कुठं गेलं बे?”

मूळ फायली मी पुसल्या नव्हत्या. संध्याकाळी त्याच पेन ड्राइव्हवर त्या टाकून आलो.