योनिमार्गाचा कर्करोग

योनिमार्गाचा कर्करोग म्हणजे गर्भाशयाच्या तोंडापासून बाहेरच्या भागापर्यंत जी नळी आहे तिच्या भिंतीतच सुरू झालेला कॅन्सर. योनिमार्गात सापडणाऱ्या बहुतेक गाठी मुळात दुसरीकडच्या असतात, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या, गर्भाशयाच्या अस्तराच्या, गुदाशयाच्या नाहीतर मूत्राशयाच्या, आणि तिथून पसरत इथे आलेल्या. मूळचा इथलाच कॅन्सर विरळ आहे. बायकांच्या जननेंद्रियांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा साधारण १ ते २ टक्के धरतात, आणि २०२० च्या जागतिक अंदाजात त्याच्या नवीन केसेस १८ हजारांच्या आसपास आहेत, तर गर्भाशयमुखाच्या ६ लाखांच्या वर.

आता हा आकडा एवढा लहान का, तर थोडं श्रेय व्याख्येलाही आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची जी जागतिक संघटना आहे, फिगो, तिच्या नियमाप्रमाणे गाठ गर्भाशयमुखाच्या छिद्रापर्यंत पोचलेली असेल तर ती गर्भाशयमुखाची धरायची, बाहेरच्या भागाला लागलेली असेल तर तिकडची धरायची, म्हणजे योनिमार्गाच्या खात्यात उरेल तेवढंच. शिवाय जिला आधी गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला होता तिला उपचारानंतर पाच वर्षांच्या आत इथे गाठ आली तर ती जुनीच परत आली असं बहुतेक ठिकाणी मानतात, काही जण तर दहा वर्षं थांबा म्हणतात. ही पाच वर्षांची रेघ सोयीची आहे एवढंच, कारण दोन्हीकडच्या पेशी मायक्रोस्कोपखाली सारख्याच दिसतात आणि नुसत्या दिसण्यावरून जुनी की नवी ते सांगता येत नाही, तरी काहीतरी रेघ हवी म्हणून पाचच्या बाजूने कल जास्त.

प्रकार : ८० ते ९० टक्के स्क्वॅमस, म्हणजे वरच्या सपाट पेशींच्या थरातून निघालेले, आणि ते प्रामुख्याने साठीच्या पुढच्या बायकांत. उरलेल्यांत ग्रंथींच्या पेशींचा अॅडिनोकार्सिनोमा, क्वचित रंगपेशींचा मेलॅनोमा (हा बहुतेकदा खालच्या तिसऱ्या भागात, पुढच्या भिंतीवर), आणि पाच वर्षांखालच्या मुलींमध्ये द्राक्षाच्या घोसासारखा बाहेर येणारा एक सार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या मऊ पेशीजाळीचा कॅन्सर, जो फारच दुर्मिळ.

लक्षणं : सगळ्यात मोठी खूण म्हणजे रक्त. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं आणि मग कपड्याला डाग दिसला, मग तो एकदाच दिसला का असेना, तो तपासून घ्यायचा. पाळी चालू असलेल्या बाईला दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तरी तेच. दुसरी खूण अंगावर जाणं, पण नेहमीचं पांढरं नाही, पाण्यासारखं पातळ, कधी गुलाबी झाक असलेलं, आणि वास येणारं, जे औषधाचा कोर्स झाला तरी थांबत नाही. आपल्याकडे यालाच उष्णता झालीय म्हणून सब्जा नि गुलकंद सुरू होतो आणि त्यात महिनेच्या महिने जातात. दुखणं मात्र उशिरा येतं, त्यामुळे "दुखत नाही मग कशाला दाखवायचं" हा हिशोब इथे उलटा पडतो.

पुढची लक्षणं गाठ कुठे आहे त्यावर ठरतात. पुढच्या भिंतीला लागून मूत्राशय आणि मूत्रनलिका, म्हणून तिथली गाठ वाढली की सारखं लघवीला होणं, जळजळ, लघवीतून रक्त. मागच्या भिंतीला लागून गुदाशय, म्हणून तिथे बद्धकोष्ठ, शौचाला जोर लागणं, पोट साफ न झाल्याची भावना. खालच्या तिसऱ्या भागाचा लसिकारस जांघेतल्या गाठींकडे जातो, त्यामुळे क्वचित पहिली खूण जांघेत आलेलं अवधाण हीच असते, तर वरच्या भागाचा ओटीपोटातल्या गाठींकडे जातो आणि त्या बाहेरून हाताला लागत नाहीत. पायाला सूज, कंबरेत सततची कळ हे सगळं बरंच पुढे गेल्यावर. काहींना तर काहीच होत नाही आणि पॅप टेस्टमध्ये (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन करतात ती तपासणी) सापडतं. यातली बरीच लक्षणं कॅन्सरशिवाय दुसऱ्याच कशाने असतात, पाळी गेल्यावरचा कोरडेपणा, पॉलिप, इन्फेक्शन, पण ते तपासल्याशिवाय ठरत नाही.

तपासणी : इथे एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक माहितीपत्रकांत नसते. आतून तपासताना डॉक्टर जो स्पेक्युलम घालतात त्याची दोन पाती पुढच्या आणि मागच्या भिंतीवरच टेकतात आणि समोर दिसतं ते गर्भाशयाचं तोंड. आणि स्क्वॅमस गाठीची सगळ्यात नेहमीची जागा कुठली, तर वरच्या तिसऱ्या भागातली मागची भिंत, म्हणजे नेमकी पात्याखाली झाकलेली! म्हणून स्पेक्युलम बाहेर काढताना हळूहळू फिरवत काढायचा आणि चारी बाजूंच्या भिंती बघायच्या, मग बोटाने चाचपायच्या, असं शिकवतात, गर्दीच्या ओपीडीत ते किती होतं हा वेगळा प्रश्न. शंका आली तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या भिंगातून बघणं, त्यात लुगोलचं आयोडीन लावलं की निरोगी अस्तर गडद तपकिरी होतं आणि संशयाची जागा पिवळट राहते, तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतात. निदान तुकड्यावरच. किती पसरलाय ते एमआरआय आणि गरजेप्रमाणे मूत्राशय-गुदाशयाच्या दुर्बिणीने कळतं.

कारणं : साधारण चारातल्या तीन केसेसमध्ये एचपीव्ही हा संबंधातून पसरणारा विषाणू सापडतो, त्याच्या प्रकारांत १६ नंबरचा सगळ्यात जास्त. सिगारेट, एचआयव्हीमुळे घटलेली प्रतिकारशक्ती, पूर्वी ओटीपोटाला दिलेले शेक (रेडिएशन), आणि आधी गर्भाशयमुखाला झालेला कॅन्सर किंवा त्याआधीची अवस्था, ही बाकीची. अंग बाहेर येतं म्हणून घातलेली रिंग वर्षानुवर्षं तशीच राहिली तर सततच्या घासण्याने कॅन्सर होतो असं जुन्या लिखाणात येतं, पण ते तुरळक केसेसवर उभं आहे.

गर्भाशय काढल्याने धोका वाढतो का, यावरही मतं दोन. रुग्णांपैकी बऱ्याच जणींची पिशवी आधी काढलेली असते हे जुन्या अभ्यासांत दिसायचं, पण ती कशासाठी काढली होती हे धरलं की संबंध जवळपास नाहीसा होतो, आणि आता कल याच बाजूला आहे. गर्भाशयमुखाच्या पूर्वकर्करोगासाठी ऑपरेशन झालेलं असेल तर टाक्याच्या जागेची, म्हणजे व्हॉल्टची, तपासणी पुढे वीस-पंचवीस वर्षं चालू ठेवायला सांगतात, साध्या कारणासाठी झालं असेल तर सहसा नियमित पॅपची गरज मानत नाहीत. पण "पिशवीच काढली, आता मला कसला कॅन्सर" हे चूक, कारण योनिमार्ग जागेवरच असतो. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने केलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, तेव्हा हा गैरसमज थोड्या जणींचा नाही.

डीईएस प्रकरण : वर अॅडिनोकार्सिनोमा म्हटलं त्यातला क्लिअर सेल हा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात वेगळाच आहे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल (डीईएस) हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी तयार केलं. बॉस्टनच्या जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ या नवरा-बायकोच्या सांगण्यावरून १९४० च्या दशकात गर्भपात टाळायला ते गरोदर बायकांना सर्रास देऊ लागले. १९५३ साली शिकागोत सोळाशेहून जास्त बायकांवर चाचणी होऊन काहीच उपयोग नाही असं दिसलं, तरी गोळ्या चालूच राहिल्या. मग १९६६ ते १९६९ मध्ये बॉस्टनच्या एकाच हॉस्पिटलात पंधरा ते बावीस वयाच्या सात मुली हा म्हातारपणचा समजला जाणारा कॅन्सर घेऊन आल्या, आठवी दुसऱ्या हॉस्पिटलातली. आर्थर हर्ब्स्ट, हॉवर्ड उलफेल्डर आणि डेव्हिड पॉस्कान्झर यांनी एप्रिल १९७१ मध्ये छापलं की आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात हे औषध घेतलं होतं, आणि तुलनेच्या ३२ आयांपैकी एकीनेही नाही. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणात ते देऊ नका म्हणून सांगितलं. अमेरिकेत आया आणि मुलं मिळून ५० लाख ते १ कोटी जणांपर्यंत औषध पोचलं असावं असा अंदाज आहे.

कॅन्सर मात्र अशा मुलींत हजारी एकीलाच झाला, याउलट योनिमार्गात ग्रंथींची पेशीजाळी राहून जाणं, अॅडिनोसिस, हे बऱ्याच जणींत दिसलं. त्यामुळे औषधाने एकट्याने कॅन्सर केला असं म्हणण्यापेक्षा त्याने जमीन तयार केली आणि पुढे वयात येताना दुसरं काहीतरी घडलं, हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं.

टप्पे आणि उपचार : पहिला टप्पा भिंतीपुरता, दुसऱ्यात शेजारच्या पेशीजाळीत, तिसऱ्यात ओटीपोटाच्या कडेपर्यंत, चौथ्यात मूत्राशय-गुदाशयाच्या अस्तरात किंवा दूरवर. वरच्या भागातली लहान गाठ ऑपरेशनने निघते, बाकी मुख्य भर रेडिएशनवर, बाहेरून शेक आणि मग ब्रॅकीथेरपी म्हणजे आतून शेक, जोडीला बऱ्याचदा सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचं औषध. मूत्राशय आणि गुदाशय इतके चिकटून आहेत की दोन्हीतही खूप जपावं लागतं. शेकानंतर मार्ग आखडतो, त्यासाठी डायलेटर, म्हणजे मार्ग मोकळा ठेवायला आत घालायची गुळगुळीत नळी, वापरायला सांगतात, आणि हे बोलायला डॉक्टर नि पेशंट दोघंही लाजतात म्हणून राहून जातं.

प्रतिबंध : खास या कॅन्सरसाठी वेगळी स्क्रीनिंग टेस्ट नाही. एचपीव्हीची लस गर्भाशयमुखासाठी म्हणून ओळखली जाते पण १६ आणि १८ नंबर अडवते म्हणून इथेही लागू पडते, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली ती ६, ११, १६ आणि १८ या चारांवर आहे. क्लिअर सेल किंवा मेलॅनोमावर तिचा काही उपयोग नाही.