बिलातील वरची पायरी आणि गच्चीवरचे ऊन

मुंबईकर वीजबिल हातात घेतो, तळाची रक्कम पाहतो आणि कागद दुमडून ठेवतो. बचतीच्या दृष्टीने पाहण्याजोगी गोष्ट मात्र त्या रकमेच्या बरीच वर, वीज आकाराच्या कोष्टकात असते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या रचनेत घरगुती विजेचे चार टप्पे आहेत. पहिले १०० युनिट सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या पुढचे सर्वांत महाग. ग्राहक शहरातला बेस्टचा असो, उपनगरातला अदानी किंवा टाटा पॉवरचा असो, नाहीतर मुलुंड-भांडुपकडचा महावितरणचा असो, दर वेगवेगळे असले तरी पायऱ्या याच. त्यामुळे वाचवलेले युनिट नेहमी वरच्या पायरीवरून कमी होते. महिन्याला ३४० युनिट वापरणाऱ्या घराने ६० युनिट वाचवले, तर त्यांतले ४० तिसऱ्या टप्प्यातले असतात आणि २० दुसऱ्या. स्थिर आकार मात्र वाचवलेल्या प्रत्येक युनिटागणिक कमी होत नाही. म्हणून एकूण रकमेला युनिटांनी भागून काढलेला ‘सरासरी दर’ बचतीच्या हिशेबात फसवा ठरतो, मग तो हिशेब आपण केलेला असो की सौर पॅनेल विकायला आलेल्या माणसाने.

हे ६० युनिट आणायचे कुठून? उत्तर बहुधा डोक्यावर फिरत असते. जुना छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो; बीएलडीसी (ब्रशविना, डीसी विजेवर चालणाऱ्या) मोटरचा नवा पंखा तेवढीच हवा सुमारे ३० वॉटमध्ये देतो, कारण त्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यासाठी फिरत्या भागात वीज खर्ची पडत नाही, ते काम कायमचे चुंबक करतात. मुंबईत पंखा वर्षातले दहा महिने तरी बंद होत नाही. तीन पंखे रोज पंधरा तास चालत असतील, तर फरक दिवसाला दोन युनिटांचा (एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर), म्हणजे महिन्याला साठचा पडतो. गच्चीवरचे एक किलोवॉटचे सौर पॅनेल सरासरीने महिन्याला ११० ते १२० युनिट देते आणि त्याला जवळपास १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. तेव्हा तीन पंखे बदलणे हे या शहरात ५० चौरस फूट गच्ची मिळवण्यासारखे आहे, आणि ५० चौरस फुटांचा भाव काय असतो हे मुंबईकराला सांगायला नको.

पंख्यात आणखी एक नियम दडलेला आहे. हवा ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग निम्मा केला तर हवेसाठी लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते. जुन्या, तापणाऱ्या चौकोनी रेग्युलेटरमध्ये ही बचत पुरती हाती लागत नाही, कारण वीज उष्णतेच्या रूपाने त्या डबीतच वाया जाते. हाच घनाचा नियम पुढे पवनचक्कीच्या बाबतीत उलटा आपल्या अंगावर येतो.

वातानुकूलन यंत्राचा हिशेब मुंबईत दिल्ली-नागपूरसारखा नसतो. तिकडे यंत्राला मुख्यतः उष्णतेशी झगडावे लागते, इथे दमटपणाशीही. हवेतील एक लिटर पाण्याच्या वाफेचे पाणी करायचे तर सुमारे पाऊण युनिटाच्या जरा आत, ०.६७ युनिट इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. दीड टनाच्या यंत्राची शीतन-क्षमता सुमारे ५.२ किलोवॉट असते. त्याच्या नळीतून तासाला लिटरभर पाणी ठिबकत असेल, तर क्षमतेचा आठवा हिस्सा खोली थंड करण्याऐवजी हवा सुकवण्यात जात आहे असे समजावे. म्हणूनच खिडकीच्या स्लायडिंगमधली बोटभर फट किंवा सतत उघडे राहणारे दार इथे अधिक महाग पडते: आत येणारी हवा केवळ गरम नसते, ओलीही असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ अंशांवर यंत्र आणि जोडीला मंद पंखा हा उपाय मला तरी २२ अंशांच्या हट्टापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

गीझरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पंधरा लिटरची बादली २७ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला पाव युनिटाच्या आतच वीज लागते. पाच मिनिटांच्या शॉवरला त्याच्या अडीच-तीनपट. सौर बंबाची शिफारस मी मुंबईच्या उंच इमारतींना सहसा करत नाही. इथले नळाचे पाणी मुळातच कोमट असते आणि गच्चीवरून पहिल्या मजल्यापर्यंत २० मिलिमीटर व्यासाची २५ मीटर नळी आली, तर तिच्यातच जवळजवळ आठ लिटर पाणी थंड होऊन बसलेले असते. गरम धार येईपर्यंत अर्धी बादली वाहून जाते. बंगल्यांच्या नाशकात किंवा पुण्यात गोष्ट वेगळी.

आता छोट्या पवनचक्कीचा मोह. समुद्रकिनारी राहतो म्हणजे वारा फुकट, असा समज असतो. एक मीटर व्यासाच्या चक्कीतून सेकंदाला चार मीटर वेगाचा वारा जात असेल, तर त्या झोतात एकूण ऊर्जाच ३० वॉट असते. बेट्झच्या सिद्धान्तानुसार तिच्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणत्याही चक्कीला घेता येत नाही, आणि प्रत्यक्षात छोट्या चक्कीला ३० टक्के मिळाले तरी पुष्कळ. उरतात नऊ वॉट: एक एलईडी दिवा. वारा निम्मा झाला की त्याचाही आठवा हिस्सा. इमारतींच्या आडोशाने वारा मंद होतो, भोवरे घेतो, आणि चक्कीचा कंप भिंतींत उतरतो तो वेगळाच.

खिडकीच्या ग्रिलला उभे पॅनेल लावण्याची कल्पनाही अशीच ओढून घेते. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे त्या काळात दक्षिणेच्या खिडकीला दुपारचे थेट ऊन लागतच नाही.

राहते गच्ची, आणि गच्ची एकट्याची नसते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका घराला तीन किलोवॉटपर्यंत कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. पण सात मजली इमारतीतल्या २८ घरांनी प्रत्येकी तीन किलोवॉटची इच्छा धरली, तर ८,४०० चौरस फूट जागा हवी. टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वगळून एवढी गच्ची कोणाकडे असते? याउलट सोसायटीचे सामाईक मीटर पाहावे. पंप, लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांची वीज निवासी दरानेच आकारली जाते, पण एकाच मीटरवर. महिन्याला ९०० युनिट खपत असतील, तर त्यांतले ४०० सर्वांत वरच्या पायरीवर असतात. सौरऊर्जेने तीच पायरी आधी खाली येते, आणि त्याचा लाभ देखभाल शुल्काच्या रूपाने अठ्ठावीसही घरांना पोहोचतो. माझ्या मते मुंबईत सौर पॅनेलची खरी जागा इथे आहे.

क्षमता मात्र गच्चीच्या मापाने नव्हे, वापराच्या मापाने ठरवावी. एक किलोवॉट वर्षाला साधारण १,३५० युनिट देते असे धरले, तर वर्षाच्या १०,८०० युनिटांना आठ किलोवॉट आणि ८०० चौरस फूट पुरतात. सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान धरता त्यावर १,४४,००० रुपये मिळतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे पॅनेलची वीज बाहेरून घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, जास्तीची वीज पुढच्या महिन्यांत वळती होते, पण ३१ मार्चला उरलेली शिल्लक कमी दराने विकत घेतली जाते. तेव्हा भव्य संच बसवून वीज विकण्याचे स्वप्न पाहण्यात फारसा अर्थ नाही.

पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंशांच्या पुढे प्रत्येक अंशामागे ०.३५ टक्क्याच्या आसपास क्षमता गमावते, आणि मे महिन्याच्या दुपारी ते सहज ६० अंशांवर जाते. म्हणजे ऐन उन्हात बारा टक्के गळती. तरीही ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये मिळते त्याच्या जवळजवळ दुप्पट वीज एप्रिलमध्ये मिळते. कबुतरांची विष्ठा हे आणखी एक स्थानिक संकट: एका कोपऱ्यावरचा डागही एकसर जोडणीतल्या बाकीच्या पॅनेलांचा प्रवाह अडवू शकतो.

‘वीज गेली तरी आमची लिफ्ट चालेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक सर्वसाधारण सभेत येतो. नाही. बॅटरीविना असलेला, ग्रिडशी (बाहेरच्या वीजजाळ्याशी) जोडलेला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे उपकरण, बाहेरची वीज जाताच स्वतःला तोडून घेतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली तेव्हा, भर दिवसासुद्धा, असे संच गप्प होते. ज्या शहरात असा दिवस इतका विरळा, तिथे केवळ त्यासाठी बॅटरीचा खर्च करणे मला पटत नाही.

सांगाड्याच्या मजबुतीत मात्र कसर नको. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ जवळून गेले तेव्हा वाऱ्याने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता, आणि तिरपे पॅनेल अशा वाऱ्यात शिडासारखे उचलले जाते. गच्चीला भोके पाडण्यापेक्षा वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करणे वॉटरप्रूफिंगच्या दृष्टीने बरे. ते ओझे स्लॅब पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी पाहायला हवे. हे सारे दिवाळीनंतर हाती घेऊन मार्चअखेरपर्यंत मीटर बसवून घेतले, तर एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट त्याच आर्थिक वर्षातल्या जुलै-ऑगस्टच्या बिलांत वळते होतात.