गुदाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे श्रोणितल व्यायाम

गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर शौचावरचा ताबा शक्य तितका टिकून राहावा, यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना आधीपासून दिलेली सवय. हे स्नायू माकडहाडापासून पुढच्या जघनास्थीपर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. त्यांतला प्युबोरेक्टॅलिस हा पट्टा गुदाशयाला मागून वेढून पुढे ओढून धरतो. तिथे पडणाऱ्या कोनामुळे मळ अडून राहतो. अशा व्यायामांचा प्रसार अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये केला. त्यांचा रोख मात्र लघवीवरच्या ताब्यावर होता.

गुदाशय काढून मोठे आतडे खाली जोडले की मळ साठवायची जागाच कमी होते. रेडिएशन झाले असेल तर ऊतीही ताठर बनतात. मग वारंवार शौचाला होणे, घाई, गॅस किंवा पातळ मळ निसटणे, थोड्या वेळात पुन्हा पुन्हा जावे लागणे असा त्रास सुरू होतो. याला ‘लार्स’ (लो अँटेरियर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात. त्याची तीव्रता पाच प्रश्नांच्या ० ते ४२ गुणांच्या मापनाने ठरवतात. ३० किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र त्रास.

नेमका स्नायू ओळखणे हेच सर्वांत अवघड, आणि ते शस्त्रक्रियेपूर्वी, तिथली संवेदना शाबूत असताना शिकणे सोपे जाते. गुडघे वाकवून पाठीवर झोपावे आणि गॅस रोखताना करतो तसे गुदद्वार आत व वर ओढावे. नितंब, मांड्या किंवा पोट आवळले जात असेल, श्वास रोखला जात असेल, तर चुकीचे स्नायू कामाला लागले आहेत. पाच ते दहा सेकंद धरून तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. सैल सोडण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पण सतत ताठलेला स्नायू ऐनवेळी लवकर थकतो आणि पोट साफ होण्यातही आड येतो. जोडीला काही झटपट आकुंचनेही करतात, कारण घाईच्या क्षणी तीच उपयोगी पडतात. फिजिओथेरपिस्ट बोटाने तपासून किंवा बायोफीडबॅक यंत्रावर आकुंचन दाखवून चूक सुधारतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांबाबत अधिक अभ्यास झाले आहेत; आधीच्या व्यायामांचा पुरावा अजून तोकडा आहे. गेलेली साठवण व्यायामाने परत येत नाही, हेही रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. गुदद्वारच काढून कायमचा स्टोमा (मळ बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेले तोंड) करायचा असेल, तर शौचाच्या ताब्यासाठी या व्यायामांचा उपयोग नाही. स्टोमा तात्पुरता असेल, तर जोड भरून आल्यावर सर्जनच्या परवानगीने ते पुन्हा सुरू करतात. एरवी तो बंद होईपर्यंत हे स्नायू जवळजवळ बिनकामाचे पडून राहतात.